मांजरे होती की नव्हती?

कथा वाचणे आणि कथेवर खटला चालविणे या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत, हे सांगण्यासाठी लेख लिहावा लागावा ही काही भूषणाची गोष्ट नव्हे. परंतु अलीकडे मराठी वाचकांच्या मंडळांतून, आणि विशेषतः नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या मंडळींतून, जी चर्चा कानी येते ती ऐकली म्हणजे हा खुलासा करणे भागच पडते. कथेतील पात्रांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावयाचे, स्वतःच्या आयुष्यातील दोन प्रसंग पुरावा म्हणून दाखल करावयाचे आणि मग स्वतःच न्यायासनावर चढून निकाल द्यावयाचा, अशी ही पद्धत आहे. फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकच व्यक्ती असलेले न्यायालय कोठे पाहावयाचे असेल, तर ते आजच्या वाचकाच्या डोक्यात पाहावे.

सर्वच कथांच्या वाट्याला हे भोग येत नाहीत. शेतकऱ्याच्या कर्जाची किंवा खाणकामगाराच्या संपाची कथा वाचताना आपल्यापैकी पुष्कळजण गप्प बसतात, कारण त्या विषयातले आपल्याला फारसे कळत नाही हे आपल्याला ठाऊक असते. प्रेमाची गोष्ट निघाली की मात्र प्रत्येकजण तज्ज्ञ होतो. ज्याने प्रेम केले तो तज्ज्ञ. ज्याला ते साधले नाही तो त्याहून मोठा तज्ज्ञ. आणि ज्याचे लग्न मामाने पत्रिका जुळवून लावून दिले त्याच्या अधिकाराला तर सीमाच नाही! त्यातही कथा आजच्या तरुण माणसांची असली, मोबाइलवर संदेश धाडून ओळख वाढविणाऱ्या, चार वेळा भेटून पाचव्या वेळी नाहीशा होणाऱ्या, ज्या व्यवहाराला आता मराठीतही सर्रास डेटिंग म्हणतात त्या व्यवहारातल्या माणसांची असली, म्हणजे मग विचारावयासच नको. कथा बाजूला राहते आणि ज्याची त्याची कैफियत सुरू होते.

उदाहरणावाचून बोलणे बरे नव्हे, म्हणून एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतील ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात क्रिस्टन रूपेनियन या तोवर अप्रसिद्ध असलेल्या लेखिकेची ‘कॅट पर्सन’ ही कथा आली. कथानक थोडक्यात असे. मार्गो ही वीस वर्षांची कॉलेजकन्या एका चित्रपटगृहात खाद्यपदार्थांच्या काउंटरवर काम करते. तेथे आलेल्या रॉबर्ट नावाच्या गृहस्थाशी तिची ओळख होते. मग आठवडेच्या आठवडे दोघांचा परिचय वाढतो तो केवळ मोबाइलवरील संदेशांतून. संदेशांत तो विनोदी आहे, हजरजबाबी आहे. आपल्या घरी दोन मांजरे आहेत असे तो सांगतो आणि त्या मांजरांवरून दोघांची पुष्कळ थट्टामस्करी चालते. प्रत्यक्ष भेटीत तो वेगळाच भासतो, कधी हळवा तर कधी तुटक. एका रात्री ती त्याच्या घरी जाते. तिथे पोहोचल्यावर तिची इच्छा मावळते. परंतु जे आपणच सुरू केले ते आता थांबवावयाचे म्हणजे केवढा खटाटोप, किती समजूत घालावी लागेल, या विचाराने ती ते होऊ देते. त्यानंतर त्याचे वय चौतीस असल्याचे तिला कळते. ती त्याला उत्तर देण्याचे टाळू लागते. शेवटी तिची खोलीतली मैत्रीण तिच्या हातातून मोबाइल घेऊन नकाराचा कोरडा संदेश पाठवून देते. काही दिवसांनी तो तिला एका मद्यगृहात दिसतो आणि त्या रात्री त्याचे संदेश एकामागून एक येऊ लागतात. आरंभी गोड, मग संशयी, मग चिडलेले, आणि सरतेशेवटी एका शब्दाची शिवी. कथा तेथेच संपते.

ही कथा प्रसिद्ध झाली तेव्हा हॉलिवुडमधील एका बड्या निर्मात्याविषयीच्या ऑक्टोबर २०१७ मधील बातम्यांना आणि त्यामागून उसळलेल्या ‘मी टू’ चळवळीला दोन महिनेच झाले होते. हवा तापलेली होती. लाखो लोकांनी कथा वाचली, आणि मग जे घडले ते आमच्या मते कथेहूनही अधिक बोधप्रद आहे. असंख्य स्त्रियांनी लिहिले की, ही माझीच गोष्ट आहे. असंख्य पुरुषांनी लिहिले की, त्या रॉबर्टवर अन्याय झाला, त्याने केले तरी काय? पुरुषांच्या अशा प्रतिक्रिया गोळा करून दाखविणारे एक खातेच कोणी ट्विटरवर उघडले. काहींना रॉबर्टच्या लठ्ठपणाचे वर्णन लागले. आणि सर्वांत नवलाची गोष्ट ही की, पुष्कळांनी या कथेचा उल्लेख ‘लेख’ म्हणून केला. ही कल्पित कथा आहे, तिला लेखिका आहे, तिने हे शब्द निवडून मांडले आहेत, याची दखलच त्यांनी घेतली नाही. आरशात पाहणाऱ्याला आरसा दिसत नाही, तसलाच हा प्रकार.

आता कोणी म्हणेल की, अमेरिकेतल्या या गदारोळाशी आपल्याला काय कर्तव्य? राजधानीत आमच्यासारख्या दहा-बारा सरकारी नोकरांचे एक छोटे वाचनमंडळ आहे. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी क्वार्टरवर ते भरते. तेथे ही कथा एकदा वाचावयास घेतली. चहा येण्यापूर्वीच निकाल लागला! एक निवृत्त अवर सचिव, ज्यांची कन्या बंगळुरूस एकटी राहते, त्यांनी पहिला प्रश्न केला, “मुलीच्या आईवडिलांना याची काही कल्पना होती की नाही?” आमच्याच वयाचे एक सहायक, जे दोन वर्षे निरनिराळ्या ॲपवर आपले छायाचित्र लावून उत्तराची वाट पाहत आहेत, ते तावातावाने म्हणाले, “त्या बिचाऱ्याचा गुन्हा काय? सरळ नाही म्हणून सांगता येत नव्हते?” एका वहिनींनी सांगितले की, हे सारे तिकडचे, आपल्यात असे होत नाही. दुसऱ्या मंत्रालयात काम करणाऱ्या एक बाई तेवढ्या प्रत उघडून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “नको म्हणण्यापेक्षा होऊ देणे तिला सोपे वाटले, एवढेच इथे लिहिले आहे. हा परिच्छेद पाहा.” सबंध बैठकीत कथेतल्या वाक्यावर बोट ठेवून बोललेल्या त्या एकट्या. परंतु मंडळींनी बोटाखालचे वाक्य न पाहता बोट कोणाचे आहे ते पाहिले. “अनुभवाचे बोल दिसतात,” असे कोणी तरी पुटपुटले. आम्ही तेथेच हरकत घेतली. ती हसण्यावारी नेण्यात आली. पुढील आठवड्यात तोच उद्गार कॅन्टीनच्या टेबलावर आमच्या कानी आला. त्या बाई त्यानंतरच्या दोन्ही बैठकींना आलेल्या नाहीत.

या प्रसंगात वाचकांचे तीन नमुने आहेत, आणि ते अमेरिकेत आहेत तसेच आपल्या क्वार्टरमध्येही आहेत. पहिला म्हणतो, असे घडतच नाही. दुसरा म्हणतो, असेच घडते, माझ्याच बाबतीत घडले. तिसरा विचारतो, हे कोणाच्या बाबतीत घडले ते सांगा. तिघांचीही भाषा निराळी. वृत्ती मात्र एकच, कथेचे स्वतःचे असे काही अस्तित्व न मानण्याची.

कोणाला वाटेल की, हा आधुनिक रोग आहे. मुळीच नव्हे. सुमारे १,००० वर्षांपूर्वी काश्मिरात अभिनवगुप्ताने भरताच्या नाट्यशास्त्रावर टीका लिहिताना रसास्वादाच्या आड येणाऱ्या सात विघ्नांची यादी दिली आहे. तीतील पहिलेच विघ्न हे की, समोर दाखविले जात आहे ते संभवनीयच नाही असे प्रेक्षकाला वाटणे. दुसरे, ती भावना ‘माझी’ किंवा ‘त्या अमक्याची’ अशी एखाद्या विशिष्ट व्यक्तीशी आणि स्थळकाळाशी जखडून टाकणे. तिसरे, प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखाच्या अधीन होऊन बसणे. आमच्या बैठकीचा वृत्तांत अभिनवगुप्ताच्या हाती पडला असता, तर त्याला आपल्या यादीत एकाही कलमाची भर घालावी लागली नसती! ज्या प्रेक्षकाला आपले हृदय नाटकातल्या हृदयाशी जुळविता येते त्याला या शास्त्राने ‘सहृदय’ म्हटले. सहृदय याचा अर्थ हळवा असा नव्हे. ज्याचे हृदय स्वतःच्या खासगी कैफियतीतून काही काळ मोकळे होऊ शकते, तो सहृदय.

मराठीतही हा रोग जुनाच आहे. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने आला. सुशिक्षित, मिळवत्या, अविवाहित तरुणींच्या मनाची घुसमट त्या कथांत होती. त्या काळची ती आधुनिक प्रेमाचीच कथा. महाराष्ट्रात खळबळ उडाली. आणि त्या खळबळीत ‘या कथा काय म्हणतात’ यापेक्षा ‘ही विभावरी कोण’ या प्रश्नाला अधिक जोर आला. लिहिणारी खरोखर स्त्री आहे की कोणी पुरुष, येथपासून तर्क चालले. त्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालती बेडेकर, हे आज आपल्याला ठाऊक आहे. ते टोपणनाव कशासाठी घ्यावे लागले याचा विचार केला, म्हणजे तिसऱ्या नमुन्याच्या वाचकाने मराठी वाङ्मयावर केवढा कर बसविला आहे हे ध्यानी येते.

दुसरे उदाहरण तर आपल्या राजधानीच्याच दप्तरात आहे. १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा आली. एका कवीची आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रियांची ती गोष्ट. तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. खालच्या न्यायालयाने निर्दोष ठरविले. उच्च न्यायालयाने दोषी धरून २५ रुपये दंड ठोठावला. आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. नीतीच्या कल्पना देशपरत्वे आणि काळपरत्वे पालटतात, अशा आशयाचे विवेचन त्या निकालात आहे. एकच कथा आणि तीन न्यायासने! परंतु आम्हाला येथे लक्षात आणून द्यावयाचे आहे ते निराळे. खटला चालविणे हेच ज्यांचे काम, त्या न्यायमूर्तींनीही आधी कथा पाहिली, कथानक निकालपत्रात मांडले, आक्षेपार्ह म्हणून दाखविलेला मजकूर सबंध कथेच्या संदर्भात तपासला आणि मग मत दिले. आपल्या तरुणपणी आपल्याला काय वाटत असे, हे कोणी निकालपत्रात लिहिले नाही. आपण हौशी न्यायाधीश मात्र नेमके तेवढेच लिहितो.

यावर एक उत्तर आम्हाला हमखास ऐकावे लागेल. ‘मग काय, स्वतःचा अनुभव दारात काढून ठेवून कथा वाचावयाची? वाचक म्हणजे कोरी पाटी का?’ कलेसाठी कला की जीवनासाठी कला, या फडके-खांडेकरांच्या नावाशी जोडलेल्या जुन्या वादाची धूळ पुन्हा उडविण्याची आमची इच्छा नाही. अनुभवावाचून कथा समजत नाही, हे आम्हाला मान्य आहे. ज्याने संदेशाच्या उत्तरासाठी मोबाइलकडे पाहत रात्र काढली नाही, त्याला मार्गो आणि रॉबर्ट यांच्या त्या पहिल्या आठवड्यांतले उत्साहाचे हेलकावे कळावयास वेळ लागेल. प्रश्न अनुभव आणावा की नाही हा नाहीच. प्रश्न आणलेल्या अनुभवाला बसावयास कोणती जागा द्यावी, हा आहे.

आपण सारे सरकारी नोकर आहोत, तेव्हा आपल्याच व्यवहारातला दाखला देतो. प्रत्येक फाईलला दोन अंगे असतात. एका अंगाला आलेला पत्रव्यवहार आणि दुसऱ्या अंगाला आपले नोटिंग. आता ई-ऑफिस आले, कागदाची जागा पडद्याने घेतली, तरी ही विभागणी कायम आहे. नोटिंगमध्ये कनिष्ठ लिपिकालाही आपले म्हणणे मांडण्याचा अधिकार आहे. पूर्वीचे दाखले द्यावेत, मतभेद नोंदवावा. परंतु आलेल्या पत्रावर खाडाखोड करून त्यात स्वतःची वाक्ये घालण्याचा अधिकार सचिवालाही नाही. कथा म्हणजे आलेले पत्र. आपला अनुभव म्हणजे नोटिंग. तो हवा तेवढा लिहावा, कळकळीने लिहावा. परंतु तो पत्राच्या अंगाला डकवून ‘पत्रातच असे आहे’ असे सांगू नये. निवृत्त सचिवसाहेबांनी कथेत नसलेले आईवडील आणून बसविले. आमच्या सहायक मित्राने रॉबर्टच्या जागी स्वतःला नेमले आणि त्याची शेवटची शिवी मात्र विसरून टाकली, कारण ती आपल्या तोंडून निघाली असती असे त्याला मानवत नव्हते. कार्यालयात असे केले असते, तर दोघांनाही खुलासा द्यावा लागला असता.

‘त्याचा गुन्हा काय?’ या प्रश्नाचा मात्र थोडा अधिक विचार केला पाहिजे, कारण तो ऐकावयास न्याय्य वाटतो. गुन्हा ठरविण्यासाठी कायदे आहेत. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसे काम करतात अशा प्रत्येक कार्यालयात त्यासाठी समिती नेमावी लागते. तेथे तक्रार, साक्ष, चौकशी, अहवाल असा क्रम असतो आणि तो असावयासच हवा. परंतु ‘कॅट पर्सन’ ही तक्रार नव्हे. मार्गो कोणापुढे फिर्याद घेऊन आलेली नाही. जे घडले त्यात गुन्हा दाखवावयास गेले तर सापडत नाही, आणि सर्व ठीक होते म्हणावयास गेले तर जीभ रेटत नाही. ज्याच्यासाठी कोणत्याही अर्जात रकाना नाही, अशा त्या जागेची ही कथा आहे. संमती होती आणि इच्छा नव्हती, या दोन गोष्टी एकाच देहात, एकाच वेळी कशा नांदतात, हे ती दाखविते. अशी जागा दाखविणे हे कायद्याचे काम नाही, नीतिपाठाचेही नाही. ते कथेचेच काम आहे. तिला आरोपपत्र समजून वाचणारा मनुष्य, मग तो आरोप सिद्ध झाला म्हणून टाळ्या वाजवो किंवा आरोप खोटा म्हणून संतापो, नेमकी तीच जागा बुजवून टाकतो.

येथे ‘ही माझीच गोष्ट आहे’ असे म्हणणाऱ्या वाचकांनाही आमचे दोन शब्द सांगणे आहे. ते आम्ही जपून सांगतो, कारण त्या उद्गारामागे खरे दुःख असते आणि पुष्कळदा ते प्रथमच बोलले जात असते. आपले दुःख कोणी तरी शब्दांत पकडले, हा दिलासा लहान नाही. परंतु कथा तेथे थांबत नाही. मार्गो रॉबर्टच्या मनाविषयी सतत अंदाज बांधते, स्वतःच्या कौतुकाचे चित्र त्याच्या डोळ्यांत पाहून सुखावते, कधी त्याची कीव करते, तर कधी त्याला मनातल्या मनात हसते. तीही त्याला एखाद्या कथेसारखीच वाचीत आहे, आणि स्वतःला हवे ते त्याच्यात घालीत आहे. ‘मार्गो म्हणजे मी’ एवढ्यावर थांबणाऱ्या वाचकाला मार्गोची ही बाजू दिसणार नाही. आणि ती दिसली म्हणून रॉबर्टची शिवी यत्किंचितही सौम्य होत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र धरून ठेवण्याइतके आपले मन रुंद होणे, यासाठीच तर वाङ्मय असते.

तिसऱ्या नमुन्याच्या वाचकांच्या हाती २०२१ मध्ये एक मोठे घबाड लागले. जुलै महिन्यात एका तरुणीने जाहीर लेख लिहून सांगितले की, कथेतील कित्येक तपशील आपल्या पूर्वीच्या एका संबंधाशी जुळतात, मात्र आपला अनुभव कथेतल्यासारखा नव्हता. लेखिकेने तिला लिहिलेल्या उत्तरात तिच्याविषयीचे काही तपशील घेतल्याचे मान्य केले आणि ते बदलले नाहीत याबद्दल खेद दर्शविला. झाले! शोधक मंडळींनी जाहीर केले की, आता खरा प्रकार उघडकीस आला. आमचे म्हणणे असे की, दुसऱ्याच्या आयुष्याचे ओळखू येतील असे तपशील कथेत ठेवणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न रास्त आहे आणि त्या तरुणीची तक्रार ऐकून घेण्याजोगी आहे. परंतु ती फाईल वेगळी. लेखकाने माणसांशी कसे वागावे, हा त्या फाईलचा विषय. कथेतला रॉबर्ट कसा आहे, हा या फाईलचा विषय. एका फाईलमधील कागद दुसरीत घालून दोन्ही प्रकरणे निकालात काढणे हा आळस आहे. किंबहुना त्या प्रकरणाचा धडा शोधकांना वाटतो त्याच्या उलट आहे. प्रत्यक्षातला मनुष्य कथेतल्या माणसासारखा नव्हता, हेच त्या तरुणीने सांगितले! म्हणजे कथेवरून माणूस ओळखू पाहणाऱ्यांचा अंदाज चुकतो, हे तिने पुराव्यानिशी दाखविले.

अनिश्चितता न सोसण्याची ही सवय वाचकांपुरतीच आहे असेही नाही. या कथेवरचा चित्रपट २०२३ मध्ये प्रथम दाखविला गेला. कथा ज्या शब्दावर संपते तेथे चित्रपट संपला नाही; त्याने पुढे मारामारीचा एक सबंध अंक जोडला. जे मनात धुमसत ठेवावयाचे होते ते पडद्यावर पेटवून दाखविण्यात आले.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ही सारी चर्चा वाङ्मयाच्या चोखंदळांनी करावी, आपल्यासारख्या बदलीच्या नोकरदारांना तिचे काय, असे म्हणता येणार नाही. उलट ती आपल्यासाठीच अधिक निकडीची आहे. दर तीन-चार वर्षांनी आपले गाव बदलते. शेजार बदलतो, भाषा बदलते. वाड्यातल्या ज्या काकूजवळ मन मोकळे करावे ती काकू येथे नाही. ज्या मित्राने आपले शाळेपासूनचे सारे पाहिले तो सोलापुरास किंवा साताऱ्यास आहे. येथे जे आपले लोक आहेत ते एकाच वेळी शेजारी, सहकारी आणि कधी कधी वरिष्ठही आहेत. अशा वसाहतीत मनातले बोलावयाचे म्हणजे ते उद्या कार्यालयात पोहोचणार, हे गृहीत धरावे लागते. आणि म्हणूनच वाचनमंडळातली कथा ही आपल्यासाठी करमणुकीहून मोठी गोष्ट आहे. कथेच्या आडोशाने माणसाला असे काही बोलता येते, जे तो स्वतःच्या नावावर कधीच बोलणार नाही. आणि ऐकणाऱ्यालाही ते कोणाचे, हे न विचारता ऐकता येते. हा आडोसा मोडला की उरतात फक्त चौकशी आणि मौन.

वर उल्लेखिलेल्या २०१३ च्या कायद्यात तक्रार करणाऱ्या स्त्रीचे नाव गुप्त ठेवण्याचे बंधन आहे. आमच्या मंडळात ज्या बाई बोलल्या त्यांनी कसलीही तक्रार केली नव्हती. त्यांनी छापील परिच्छेदावर बोट ठेवले होते. तरीही कायदा तक्रारदाराला जे संरक्षण देतो तेवढेही आपण एका वाचकाला दिले नाही. याला रसिकता म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणावे. आम्ही याला चहाडी म्हणतो.

आणि त्या सचिवसाहेबांना आम्ही अत्यंत आदराने विचारू इच्छितो. आपली कन्या बंगळुरूस आहे. ती कोणाला भेटते, कोणाला भेटत नाही, हे ती आपल्याला सांगत नाही, अशी आपली खंत आम्ही अनेकदा ऐकली आहे. त्या पिढीच्या मनात शिरण्याची एक वाट आपल्या हाती सोळा-सतरा पानांच्या रूपाने आली होती. वीस वर्षांची मुलगी ‘नको’ हा शब्द का गिळते, हे तेथे कोणाचेही नाव न घेता लिहिले होते. आपण मात्र त्या वाटेवर आईवडिलांची चौकी उभी केली आणि मागे फिरलात. आमच्या त्या तरुण मित्रालाही हेच म्हणणे आहे. आपल्या संदेशांना उत्तर का येत नाही, याचा त्याला दोन वर्षे उलगडा झालेला नाही. रॉबर्टचे वकीलपत्र घेण्याऐवजी त्याने मार्गोच्या बाजूने ती पाने एकदा वाचली असती, तर उत्तर आले असते असे नव्हे. परंतु उत्तर न देणाऱ्या व्यक्तीलाही मन असते, एवढे तरी कळले असते. ज्याचा अनुभव आपल्याला नाही ते कळावे म्हणून कथा वाचावयाची. जे आपल्याला आधीच ठाऊक आहे तेवढेच तिच्यात पाहावयाचे असेल, तर स्वतःची रोजनिशी वाचणे सोपे आणि स्वस्तही पडते.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. बैठकीत ज्याने त्याने बोलण्यापूर्वी कथेतले एक वाक्य दाखवावे आणि मग खुशाल आपला अनुभव सांगावा. दुसऱ्याने वाक्य दाखविले तर वाक्याविषयी बोलावे, दाखविणाऱ्याविषयी नव्हे. आणि जे कथेने उघडे ठेवले ते आपण बंद करू नये.

रॉबर्टच्या घरी गेल्यावर मार्गोला मांजरे दिसत नाहीत. त्याने ती मनाची रचली होती की काय, असा विचार तिच्या मनात येऊन जातो, आणि तो प्रश्न तसाच राहतो. ज्यांना आयुष्यात कोणी फसविले आहे ते छातीठोकपणे सांगतात की, मांजरे नव्हतीच. ज्यांच्यावर कोणी विनाकारण संशय घेतला आहे ते तितक्याच ठामपणे सांगतात की, परका मनुष्य घरात आला म्हणजे मांजर पलंगाखाली दडून बसते, एवढेही तुम्हाला ठाऊक नाही काय? दोघेही आपापल्या आयुष्याविषयी खरे बोलत आहेत. कथेविषयी दोघांपैकी एकही बोललेला नाही. एका अनोळखी घरात, अपरात्री, समोरच्या माणसावर विश्वास ठेवावा की नाही हे ज्या मुलीला कळत नाही, तिच्या शेजारी क्षणभर तसेच न कळता उभे राहणे, एवढेच कथेने आपल्याकडे मागितले होते. तेवढेही ज्याला देववत नाही त्याने कथेवर निकाल देण्याचा आग्रह धरू नये.